कुंडीतली जास्वंद आणि वैशाखाचं ऊन

साशंक : नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात राहणाऱ्या आणि आजवर एकही कुंडी न सांभाळलेल्या माणसानं मार्च महिन्यात नर्सरीतून जास्वंद घरी आणू नये, असं माझं मत आहे. अडचण अशी की मार्चमध्येच ती सर्वांत देखणी दिसते. शेडनेटखाली, रोजच्या फवाऱ्यानं दमट ठेवलेल्या हवेत, कोकोपीटच्या पिशवीत वाढलेलं ते रोप कळ्यांनी लगडलेलं असतं. ते पश्चिमेच्या बाल्कनीत येतं आणि पाच-सहा आठवड्यांत त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा एप्रिल त्याला गाठतो. जास्वंदीला साधारण १५ ते ३२ अंशांचं हवामान मानवतं. पस्तिशी ओलांडली की कळ्या गळू लागतात. मैदानी प्रदेशात पारा ४५ ला टेकला की सरासरी काय आहे हे न बघताच उष्णतेच्या लाटेचा निकष पूर्ण होतो आणि ४७ ला ती लाट तीव्र ठरते. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरानं ४७.९ अंश अनुभवले आहेत. शिवाय वेधशाळेचे हे आकडे सावलीतले, हवा खेळत्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. तापलेल्या स्लॅबवर, भिंतीला टेकून, उघड्या उन्हात ठेवलेल्या कुंडीच्या वाट्याला याहून बरंच जास्त येतं. झाडं सांभाळायला शिकणाऱ्यानं पहिल्याच वर्षी ही परीक्षा का द्यावी?

उत्साही : तुम्ही सगळा दोष तापमानाला देताय, आणि तो पुराव्याशी जुळत नाही. विदर्भातल्याच जुन्या घरांच्या अंगणात, देवळांच्या आवारात माणसाच्या उंचीपेक्षा मोठी लाल, एकेरी पाकळ्यांची जास्वंद उभी आहे. तिनं कित्येक वैशाख काढले आहेत. त्या झाडांच्या भोवतीची हवाही पंचेचाळीस अंशांचीच होती. नुसत्या तापमानानं जास्वंद मरत असती तर ती झाडं टिकली नसती. फरक मुळांखालच्या जमिनीत आहे. भर दुपारी जमिनीचा वरचा थर हात लावू देत नाही, पण फूट-दीड फूट खाली दिवसा आणि रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. अंगणातल्या झाडाची मुळं त्या थरात पोचलेली असतात. कुंडीतल्या झाडाला खाली जायला जागाच नसते. त्याच्या मुळांना चारही बाजूंनी ऊन लागतं. म्हणून आपण दोन प्रश्न वेगळे करू. या प्रदेशात जास्वंद जगते का, याचं उत्तर अंगणांनी केव्हाच दिलं आहे. कुंडीत ती कशी जगवायची, हा शिकण्याजोगा प्रश्न आहे. आणि जे शिकता येतं त्यापासून नवख्या माणसाला दूर ठेवायचं कारण मला दिसत नाही.

साशंक : अंगणाचा दाखला तुम्ही अर्धाच वापरलात. ती झाडं बहुधा विहिरीच्या काठावर किंवा मोरीचं पाणी जिथं मुरतं तिथं लावलेली असायची. त्यांच्यामागे जसा जमिनीचा गारवा होता, तसा न मोजता मिळणारा ओलावाही होता. आणि मी फक्त पाऱ्याबद्दल बोलत नाही, हवेबद्दल बोलतोय. जास्वंद कोकणात, गोव्यात, केरळात कुंपणाला लावली तरी फोफावते, कारण तिथली हवा दमट आहे. आता हिशोब करून पाहा. तेहतीस अंशांची हवा एका घनमीटरात जास्तीत जास्त ३५-३६ ग्रॅम बाष्प धरू शकते. कोकणात आर्द्रता सत्तर टक्के असली तर त्यातले पंचवीस ग्रॅम आधीच भरलेले असतात. म्हणजे हवेला आणखी दहा-अकरा ग्रॅमच हवे असतात. पंचेचाळीस अंशांची हवा ६५ ग्रॅम धरू शकते, आणि मे महिन्यातल्या दुपारी विदर्भात आर्द्रता पंधरा टक्के असेल तर तिच्यात जेमतेम दहा ग्रॅम असतात. उरलेले पंचावन्न ग्रॅम ती जिथून मिळेल तिथून ओढते. पानासाठी ही ओढ कोकणाच्या पाचपट झाली. तापमानात फरक बारा अंशांचा आणि तहानेत पाच पटींचा! मुंबईतल्या किंवा रत्नागिरीतल्या अनुभवावरून लिहिलेला सल्ला अकोल्यात का फसतो, ते या आकड्यांत आहे.

उत्साही : हिशोब बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू राहिली. कोरडी हवा पाणी ओढते आणि त्याच ओढीनं पान थंड राहतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता वाहून नेली जाते. विदर्भात घरोघरी कूलर चालतो आणि मुंबईत तो निरुपयोगी ठरतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. जास्वंदीचं पान हा तसाच एक कूलर आहे. पर्णरंध्रं उघडी आहेत आणि मुळांकडून पाणी येतंय तोवर पान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार राहू शकतं. ज्या कोरडेपणाला तुम्ही तिचा शत्रू म्हणता, त्याच्यामुळेच हे घडतं. दमट हवेत पानाला ही सोय इतक्या प्रमाणात मिळत नाही. तेव्हा विदर्भाचा उन्हाळा झाडाकडून जास्त पाणी मागतो, हे मी मान्य करतो. तो झाडाला बचावाचं साधनच ठेवत नाही, हे मात्र मान्य करणार नाही.

साशंक : तुमचाच कूलर घ्या. टाकीत पाणी आहे, पण पंप ते पडद्यापर्यंत पोचवत नाही, अशा वेळी कूलर गरम वाराच फेकतो. झाडाचा पंप म्हणजे मुळं. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कडेची माती पन्नास अंशांच्या आसपास जाऊ शकते. कुंडीतल्या बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ चाळिशीच्या आसपास थांबते आणि त्यापुढे मुळांची कोवळी टोकं मरू लागतात. पाणी शोषण्याचं बरंचसं काम ही टोकंच करतात, आणि ती कुंडीच्या कडेलाच सर्वाधिक असतात. त्यात भर म्हणजे तापलेल्या मुळांचा श्वास वाढतो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, चाळीस अंशांच्या पाण्यात साडेसहाहून कमी. मग दुपारी पानं लुळी पडतात. नवखा माणूस घाबरून पाणी घालतो. संध्याकाळी पानं पुरती सावरली नाहीत की पुन्हा घालतो. माती चिखल होते, उरलासुरला प्राणवायूही जातो, मुळं कुजतात आणि झाड ओल्या मातीत तहानेनं मरतं. हे मरण उन्हामुळे आलं असं सगळे म्हणतात. खरं तर ते प्रेमानं घातलेल्या पाण्यामुळे आलेलं असतं. या चुकीला मी नवख्याचा आळस म्हणणार नाही. जे दिसतं त्यावरून केलेला तो सरळ अंदाज आहे. लुळं पान म्हणजे तहान, असंच कुणालाही वाटेल.

उत्साही : मुद्दा मुळांपाशी आणून ठेवलात, हे फार चांगलं झालं, कारण तिथं उपाय करता येतात. हवेचं तापमान आपल्या हातात नाही. कुंडीच्या मातीचं बऱ्याच अंशी आहे. कुंडी काळ्या प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावर पांढरं कापड किंवा गोणपाट गुंडाळता येतं, किंवा ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू अथवा पालापाचोळा भरता येतो. स्लॅबवरून दोन विटांवर उचलली की खालून हवा खेळते. मातीवर दोन-तीन बोटं जाडीचं आच्छादन घातलं, मग ते वाळलेल्या पानांचं असो, उसाच्या पाचटाचं असो की नारळाच्या शेंड्यांचं, की वरचा थर तापत नाही आणि ओल टिकते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की एकीची सावली दुसरीवर पडते. पश्चिमेची भिंत टाळून सकाळी नऊ-दहापर्यंतचं पूर्वेचं ऊन मिळेल अशी जागा दिली आणि नंतर पन्नास टक्के सावलीची जाळी आली, तर झाडावर येणारा उष्णतेचा भार अर्ध्यावर येतो. जाळी मात्र झाडाला टेकलेली नको, वर हातभर उंच हवी. नाहीतर तिच्याखाली गरम हवा कोंडते. नागपुरात उन्हाळ्यात चौकांतल्या सिग्नलवर वाहनचालकांसाठी हिरव्या जाळ्या बांधल्या जातात. माणसाला ज्या सावलीनं बरं वाटतं, तीच झाडाला हवी असते. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे किंवा फार विद्या लागत नाही.

साशंक : प्रत्येक उपायाची किंमत असते, ती तुम्ही सांगितली नाहीत. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपतं, त्यामुळे ती गार राहते. पण त्याच कारणानं ती लवकर सुकते आणि पाणी जास्त मागते. सावली वाढवली की फुलं कमी होतात, कारण जास्वंदीला फुलायला ऊन लागतं. कुंडी लहान आहे म्हणून एप्रिलमध्ये मोठ्या कुंडीत लावायला जावं, तर मुळं दुखावतात आणि जिथं एकेका मुळाची गरज आहे तिथंच ती तुटतात. आणि मातीचं काय? विदर्भात सहज मिळते ती काळी कापसाची माती. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. बाहेर आलेलं पाणी पाहून माणसाला वाटतं, झाडाला पोटभर पाणी मिळालं. या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त, बोअरच्या पाण्यातही क्षार जास्त. त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात. नवखा माणूस पिवळं पान पाहतो आणि खत घालतो. मे महिन्यात, तापलेल्या मातीत, रासायनिक खताचे क्षार! सांगा, इतक्या परस्परविरोधी खुणा पहिल्या वर्षी कुणाला वाचता येतील?

उत्साही : म्हणूनच नवख्याला वीस सूचना देऊ नयेत, एकच दृष्टी द्यावी. ती अशी, की उन्हाळ्यात जास्वंद वाढवायची नसते, राखायची असते. ही एक गोष्ट पटली की बाकीच्या बहुतेक सूचना आपोआप सुचतात. वाढवायची नाही म्हणून खत नाही. नवी फूट नको म्हणून छाटणी नाही. शिवाय छाटलेल्या फांद्यांची आजवर पानांखाली राहिलेली साल एकदम उन्हात आली तर भाजते. मुळं छेडायची नाहीत म्हणून कुंडीबदल नाही. हे सगळं मृग लागून पाऊस स्थिरावल्यावर करायचं. पाण्यासाठीही एकच सवय पुरते. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहायचं. कोरडं लागलं तर सकाळी लवकर, सावकाश, दोनदा थांबून पाणी द्यायचं, म्हणजे आकसलेली माती फुगून कडेची फट मिटते आणि दुसऱ्या खेपेचं पाणी आत मुरतं. बोटाला ओल लागली तर दुपारी पानं कितीही लुळी दिसोत, हात आवरायचा. सूर्य कलल्यावर ती सावरतात. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं, ते झाडाला द्यायचं नाही. पानं आतल्या बाजूनं ठिपकेदार, धुरकट दिसली, बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. तो कोरड्या उष्ण हवेतच माजतो, आणि सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो. निंबोळी तेल वापरायचं तर ऊन उतरल्यावर.

साशंक : फवाऱ्याचं म्हणालात, पण उन्हात पानांवर पाणी पडलं की थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, असं कितीतरी अनुभवी माणसं सांगतात. नवख्यानं तुमचं ऐकायचं की त्यांचं?

उत्साही : यात पुराव्याचं ऐकायचं. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी याच समजुतीची प्रयोगानं आणि गणितानं तपासणी केली. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाचा प्रकाशबिंदू पानाच्या पृष्ठभागावर पडत नाही आणि पान जळण्याआधी थेंबच वाळतो, असं त्यांना आढळलं. थेंब उचलून धरणाऱ्या दाट लवेच्या पानांत तसा धोका असू शकतो. आपल्या जास्वंदीचं पान तुकतुकीत असतं. दुपारी पानांवर पाणी न मारण्याची खरी कारणं वेगळी आहेत. ते पाणी मुळांपर्यंत जात नाही, लगेच उडून जातं आणि क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवतं. मी हे एवढ्यासाठी सांगतो, की बागकामात चुकीच्या कारणानं दिलेला बरोबर सल्ला पुष्कळ असतो. कारण कळलं तर नवखा माणूस नव्या प्रसंगात स्वतः निर्णय घेऊ शकतो. नुसता नियम पाठ केला तर पहिल्या अपवादाला तो गोंधळतो.

साशंक : कारणांवर तुमचा भर मला पटतो, पण त्यातूनच माझी मोठी शंका निघते. तुमच्या सल्ल्याचं सार काय? खत घालू नका, छाटू नका, कुंडी बदलू नका, पान लुळं दिसलं तरी पाणी घालू नका. म्हणजे करण्यापेक्षा न करण्याला महत्त्व. आणि न करणं ही अनुभवी माणसाची विद्या आहे. कळ्या गळतात, खालची पानं पिवळी होऊन पडतात, अशा वेळी स्वस्थ बसायला धीर लागतो, आणि तो धीर पूर्वी एकदा झाड सावरताना पाहिलेलं असेल तरच येतो. ज्यानं ते पाहिलेलंच नाही त्याला तुम्ही विश्वास ठेवायला सांगताय. शिवाय जास्वंद लोक घेतात ती फुलांसाठी. मंगळवारी, संकष्टीला गणपतीला लाल जास्वंद वाहायची असते, म्हणून ती घरी आणली जाते. त्यांना तुम्ही सांगणार, की तीन महिने रोज पाहा, पाणी द्या, पण फूल मागू नका. घेण्यामागचा हेतूच बाजूला ठेवायला सांगण्यासारखं आहे हे.

उत्साही : हेतू बाजूला ठेवायला सांगत नाही, त्याची वेळ सांगतोय. जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, आणि ते नव्या फुटीवर येतं. रोज एक फूल देण्यासाठी झाडाला रोज नवी सामग्री उभी करावी लागते. पंचेचाळीस अंशांत ही सामग्री परवडत नाही, म्हणून झाड आपला खर्च क्रमानं कमी करतं. आधी कळ्या टाकतं, मग तळाची जुनी पानं, आणि फारच ओढ झाली तर फांद्यांची टोकं. खोड आणि मुळं शेवटपर्यंत जपतं. कळी गळणं म्हणजे झाड हरलं असं नसतं. झाडानं निवड केलेली असते. हे एकदा समजलं की स्वस्थ बसायला अनुभवाची वाट पाहावी लागत नाही. कारण समजणं हाही धीराचा एक पाया आहे. तपासणीही सोपी आहे. फांदीची साल नखानं किंचित खरवडली आणि खाली हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. आणि देवाला फूल हवं असेल तर मे महिन्यात ते बाजारातून आणावं. झाडाकडून नको त्या वेळी ते वसूल करण्यापेक्षा हे अधिक योग्य आहे.

साशंक : मग पाण्याबद्दल बोलू, कारण तिथं धीर पुरत नाही. चांगली वाढलेली कुंडीतली जास्वंद मे महिन्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज घेते. अशा दहा कुंड्या असल्या तर वीस-तीस लिटर. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी माणशी रोज १३५ लिटर धरून केली जाते, त्यामुळे हा वाटा लहान वाटेल. पण ज्या वस्तीत नळ दोन दिवसांआड येतो, ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, तिथं १३५ हा आकडा कागदावरच राहतो. मराठवाड्यात, विदर्भात असे उन्हाळे नवे नाहीत. दमट प्रदेशातल्या झाडाला कोरड्या प्रदेशात राखायचं, त्यासाठी रोज पाणी खर्चायचं, आणि शेजारी कुणी हंडा घेऊन उभं असायचं, हे मला बरोबर वाटत नाही. त्याच अंगणात कण्हेर आहे, बोगनवेल आहे, सदाफुली आहे. यांना रुजल्यावर फार कमी पाणी लागतं. कण्हेरीचं फूल देवालाही चालतं. झाडं लावायची आवड असेल तर आपल्या हवेशी जुळणारं झाड निवडणं हाच पहिला धडा का नसावा?

उत्साही : जिथं पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं तिथं जास्वंद लावू नये, हे मी विनाअट मान्य करतो. पण जिथं घरात पाणी आहे, तिथं तांदूळ-डाळीचं धुवण आणि भाज्या धुतलेलं पाणी मिळूनच दोन-तीन कुंड्यांची गरज भागते. ते पाणी एरवी गटारातच जातं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र घालू नये. वाफ उडून गेल्यावर त्यात क्षार साठलेले असतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही त्याच कारणानं रोज नको. आणि झाडाच्या निवडीबद्दल म्हणाल, तर निवड जास्वंदीच्या आतही आहे. मोठ्या, दुहेरी, रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जाती नाजूक असतात. गावठी लाल एकेरी जास्वंद पुष्कळ चिवट आहे. तिची पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात शेजाऱ्याकडून मागून आणावी, सावलीत रुजवावी. वैशाख येईपर्यंत तिच्या मुळांना आठ-दहा महिने मिळालेले असतात. कोकोपीटमधलं लाडावलेलं रोप आणि याच हवेत, याच मातीत, याच पाण्यावर रुजलेलं रोप यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मार्चमध्ये जास्वंद आणू नये, या तुमच्या पहिल्या वाक्याशी मी आता सहमत आहे. नवखा माणूस चुकतो तो बहुतेक वेळा मुहूर्तात.

साशंक : मुहूर्तावर आपलं एकमत झालं, पण एक आक्षेप अजून उरतो आणि तो मला सर्वांत जड वाटतो. तुमचा सगळा युक्तिवाद दिवसाबद्दल आहे. झाड सावरतं रात्री. दिवसभर पर्णरंध्रं मिटून काढलेल्या उन्हानंतर रात्रीच्या गारव्यात त्याच्यातली पाण्याची तूट भरून निघते, आणि गारव्यामुळे त्याचा श्वासही मंदावतो, म्हणून दिवसा कमावलेली थोडी साखर शिल्लक राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत शहरात पहाटेचं तापमानही अनेकदा तिशीच्या खाली उतरत नाही, आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तर तीन बाजूंनी सोडतं. तिथं दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च जास्त. जाळी दिवसाचं ऊन अडवते, भिंतीतून येणारी रात्रीची उष्णता अडवत नाही. अंगणातल्या ज्या झाडांची साक्ष तुम्ही सुरुवातीला काढलीत, ती मोकळ्या आभाळाखाली, मातीच्या जमिनीवर वाढली. त्यांच्या रात्री गार होत्या. आजच्या नवख्या माणसाला अंगण नाही आणि तशी रात्रही नाही. मग तुमचा पुरावा त्याला लागू पडतो का?

उत्साही : पूर्णपणे लागू पडत नाही, हे मला मान्य करावं लागेल. रात्रीवर माझ्याकडे दिवसासारखे उपाय नाहीत. संध्याकाळी भोवतालची फरशी पाण्यानं पुसून घेता येते, कुंडी भिंतीपासून दोन-तीन फूट दूर कठड्याकडे सरकवता येते, जिथं वारा लागतो. त्यानं थोडं हलकं होतं, प्रश्न सुटत नाही. पण यातून मी एक कसोटी काढेन. नवख्या माणसानं झाड आणण्याआधी जागा पाहावी, आणि ती दुपारी न पाहता रात्री दहा-अकराला पाहावी. भिंतीवर हात ठेवून ती अजून तापलेली लागत असेल, वारा नसेल, तर तिथं जास्वंदीचा हट्ट धरू नये. तिथं तुमची कण्हेर किंवा सदाफुली योग्य. भिंत निवलेली असेल, थोडी झुळूक असेल, तर दुपारचे पंचेचाळीस अंश पेलता येतील. इतकी साधी तपासणी जागेबद्दल वेधशाळेच्या आकड्यापेक्षा अधिक सांगते.

साशंक : कसोटी चांगली आहे. तिच्यामुळे माझा नकार लहान झाला. आता मी विदर्भात जास्वंद नको असं म्हणणार नाही. रात्री न निवणाऱ्या जागी नको, एवढंच म्हणेन. पण अशा जागा कमी होत नाहीयेत, वाढताहेत. अंगणं जाताहेत, मजले चढताहेत. आज जी बाल्कनी कसोटीला उतरते ती समोर इमारत उभी राहून वारा अडला की उतरणार नाही. तेव्हा दरवर्षी थोडी अधिक जाळी, थोडं अधिक पाणी, थोडं अधिक लक्ष देऊन आपण एक झाड राखत राहू. कुठल्या टप्प्यावर ही जपणूक राहत नाही आणि हट्ट होतो? झाड जगलं, एवढ्यावरून ते ठरत नाही. पुरेसं पाणी आणि पुरेसे कष्ट ओतले तर जवळपास काहीही जगवता येतं.

उत्साही : जगण्यापलीकडचं माप मी पहिल्या पावसात शोधेन. जूनच्या सरी स्थिरावल्यावर दोन-तीन आठवड्यांत झाडानं स्वतःहून जोमदार नवी फूट काढली, तर उन्हाळ्यात आपण राखलं ते एक सशक्त झाड होतं. पावसातही ते अडखळत राहिलं, आणि असं सलग दुसऱ्या वर्षी झालं, तर आपण त्याला आधारावर उभं ठेवलं होतं असं समजावं आणि ते झाड ज्याच्याकडे जमीन आहे त्याला द्यावं. नवख्या माणसाला मी सुरुवातीलाच हे सांगेन, की झाड सोडून देण्याची तयारी हाही झाड सांभाळण्याचाच भाग आहे. पण तुमच्या प्रश्नाचा एक भाग माझ्या मापात बसत नाही, हेही मला दिसतं. माझं माप एका झाडापुरतं आहे. शहरातल्या सगळ्याच बाल्कन्या एकेक करून कसोटीतून बाद होऊ लागल्या, तर आपण झाडं बदलत जायचं, आधी जास्वंद, मग मोगरा, मग आणखी काही. की ज्या भिंती रात्री निवत नाहीत त्या बांधण्याची पद्धत बदलायला लावायची? जास्वंद राखणाऱ्याला हा दुसरा प्रश्न लवकर कळेल, कारण रात्री भिंतीवर हात ठेवून पाहायची सवय त्याला लागलेली असेल.

साशंक : आणि कण्हेर लावणाऱ्याला तो कधीच पडणार नाही, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ते मला मान्य नाही. आपल्या हवेला साजेसं झाड निवडणाऱ्यालाही हवा कशी बदलते आहे हे पाहावंच लागतं. त्याशिवाय निवड करता येत नाही. पण एवढं मी मानतो, की सोसणारं झाड आपल्याला इशारा उशिरा देतं आणि नाजूक झाड लवकर. तो इशारा मिळावा म्हणून नाजूक झाडाला अशा जागी ठेवणं न्याय्य आहे का, यावर मी अजून तुमच्या बाजूला आलेलो नाही.